तिसरं भोक

बारा डिसेंबरला ग्वादालुपेच्या माउलीचे फटाके फुटले
की आमचं लेओन शहर जेवायला बसतं.
उठतं थेट सहा जानेवारीला,
तीन राजांचा गोल पाव कापून झाला की.
मग माझ्या दुकानात येतं.

पट्टा तेव्हा लोकांच्या कमरेला नसतो, हातात असतो.
नजर चुकवत म्हणतात,
'डॉन इव्हारिस्तो, कातडं आटलंय बहुतेक.'
मी मान डोलावतो.
चाळीस वर्षं मुक्या कातड्यावर आळ घेत आलोय.
आरी टेकवायची, हातोडीचा एक ठोका,
टोकाकडे आणखी एक भोक.
बेकरीवाल्या एलादिओचा पट्टा तर
आता फुंकला तर वाजेल.

यंदा नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी
माझ्या बायकोचा, दोमितिलाचा, कागद वाचला.
साखर मोठ्याने, वजन हळू.
म्हणाल्या, 'कमी करा म्हणत नाही,
सणात कोण कमी करतं?
जानेवारीत फक्त अशाच या.'

अशाच या!
पुरात उभ्या माणसाला सांगावं,
बाकी काही नको, जागचा हलू नकोस.

नऊ रात्री आमच्या गल्लीत आसरा मागायचा खेळ असतो.
अर्धे लोक बाहेर, मेणबत्त्या घेऊन, दारोदार:
बाळंतपण जवळ आलंय, जागा द्या.
अर्धे आत, नाही म्हणायला.
शेवटचं दार उघडतं, आणि मग पातेली उघडतात.
दोमितिला जन्मभर आतली, चुलीजवळची.
यंदा नऊच्या नऊ रात्री बाहेर चालली,
गुडघा धरून,
आणि जिथेतिथे नकार ऐकून आली.
म्हणाली, 'नाही कसं म्हणायचं ते शिकतेय.'

तरी डोन्या रेफुहियोसमोर कुणाचं चाललंय?
'माझ्या हातचं नको का?' या प्रश्नाला
अख्ख्या मेक्सिकोत उत्तर नाही.
दोमितिलाने तिच्याकडून पाकातला एक बुन्युएलो घेतला,
कडेचा तुकडा मोडला,
आणि उरलेला बशीत घेऊन तीन घरं फिरली.
भरल्या बशीला कुणी आग्रह करत नाही.
पोन्चेतले पेरू काट्याने उचलून खाल्ले,
गोड पाणी कुंडीतल्या निवडुंगाला.
(तो अजून बरा आहे.)

नाताळच्या आदल्या रात्री मात्र जेवली.
तिच्या आईच्या पद्धतीचा खारा मासा,
ऑलिव्ह, टोमॅटो, पिवळ्या मिरच्या.
दोनदा घेतला. कुणी मोजलं नाही.
ताटाकडे बघत नव्हती, रिकाम्या झालेल्या
त्या जुन्या पातेल्याकडे बघत होती.
सकाळी उठून बाजारापर्यंत चालत गेली
आणि काहीही न घेता परत आली.

राजांच्या पावाचा कागदाएवढा काप घेतला
तर नेमकं त्यातच बाहुलं!
म्हणजे दोन फेब्रुवारीला गल्लीला तमाले घालणं आलं.
जिभेला लगाम घालता येतो,
नशिबाला कुठून घालणार?

आठ तारखेला काटा तिथेच उभा राहिला
जिथे नोव्हेंबरात होता.
डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'शाब्बास.'
दोमितिलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.
नशीब, हे मांस काट्याला कळत नाही.
बाहेर आल्यावर ती थोडी खट्टूही होती:
एवढं केलं, आणि दाखवायला काय?
काहीच झालं नाही, हेच.
कुणाच्या घरी जाऊन सांगणार,
की बघा, काहीच झालं नाही?

संध्याकाळी दुकान बंद करताना
मला वाकून खिळा उचलता येईना.
तेव्हा हिशेब लागला.
रोज रात्री तिने निम्मा तमाल
केळीच्या पानासकट माझ्याकडे सरकवला होता.
'तू घे, वाया जाईल.'
वाया गेला नाही.
एकही गेला नाही.

ती हसली नाही, हे तिचे उपकार.
माझा पट्टा काढून घेतला, फळीवर ठेवला,
आरी कुठे असते ते तिला ठाऊक आहे.
'कातडं आटलंय,' मी म्हणालो.
'हो तर,' म्हणाली,
आणि तिसरं भोक
माझ्यापेक्षा सरळ पाडलं.